लोखंडाची चव

“आजोबा, सगळे म्हणतात तुमची वाइन बिघडली. खरंय का ते?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि निशिगंधाचे कान एकदम तापले. मागे माडाच्या बुंध्याआड फ्लेव्हिया आणि संपदा एकमेकींचे दंड घट्ट धरून उभ्या होत्या, त्यांनी दाबून धरलेलं हसू तिला पाठीवर कुसळासारखं टोचत होतं. पैज त्यांचीच. नववीची परीक्षा संपून चार दिवस झाले होते, तिघी भाईंदरहून उत्तनच्या बसने निघाल्या होत्या आणि दोन्हीकडची मिठागरं उन्हात पांढरीफटक पडलेली असताना फ्लेव्हियाने घरातली भानगड सांगितली होती. तिच्या मोठ्या बहिणीचं, डॉरिसचं, लग्न येत्या रविवारी. त्या लग्नासाठी आजाने, म्हणजे रॉक आजोबांनी, वर्षभर मुरवलेली काळ्या द्राक्षांची वाइन आता घरात ज्याने ज्याने चाखली त्याने तोंड वाकडं केलं होतं. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर ते बोलणार कोण? “निशी विचारेल,” संपदा म्हणाली होती, “वक्तृत्वाचा कप आणलाय बाईंनी. पाचशे पोरांसमोर माइक हातात धरते, एका म्हाताऱ्याला घाबरते?” “घाबरतंय कोण!” हे शब्द निशिगंधाचेच. गेल्या तीन महिन्यांत, तो कप मिळाल्यापासून, तिला सगळंच जमेलसं वाटायला लागलं होतं. वेणी सोडून पोनी बांधणं, रिक्षावाल्याशी हिंदीत भांडणं, वर्गात शेवटच्या बाकावरून उत्तर देणं. आणि आता तो सगळा धीर, वाळूत पाणी जिरावं तसा, पायाखाली निघून चालला होता.

रॉक आजोबा ओट्यावर बसून रिकाम्या बाटल्या धूत होते. बाटलीत मूठभर वाळू, पेलाभर पाणी, मग दोन्ही हातांनी खळखळ, खळखळ. ती खळखळ थांबली. म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. त्याने बाटली उन्हाकडे धरून आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “कोन बोलला?”

“सगळे.”

“सगळे म्हंजे आमचा मेल्विन.”

“पप्पा, मी एकटा नाय हां बोललो,” आतून फ्लेव्हियाचे वडील बाहेर येत म्हणाले. बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात पाहुण्यांची यादी. “डॉरिस बोलली, तिची आई बोलली. लोखंडाची चव मारते ती वाइन. तुम्ही बरणीत लाकडी डाव सोडून लोखंडी पळी घातली असणार. होतं असं, वय झालं. मी सांगतोय ना, काशीमीऱ्याच्या दुकानातून चार पेट्या उचलतो, विषय खलास.”

“मी पळी घातली न्हाय.”

“तुम्हाला आठवतंय काय पप्पा? परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होता.”

म्हाताऱ्याचा अंगठा बाटलीच्या तोंडावरून गोल गोल फिरत राहिला, आणि निशिगंधाच्या एकदम लक्षात आलं की याला स्वतःलाच खात्री नाही. पळी घातली की नाही घातली, हे हा माणूस रात्रंदिवस स्वतःला विचारतोय आणि दर वेळी उत्तर जरासं जास्त पुसट येतंय. असं चेहऱ्यावर दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं. पण आतून कसं वाटतं ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. तेवढ्यात म्हाताऱ्याने मान वर केली. “तू चाखली?” “नाही.” “न चाखता बोलनारे या घरात बक्कळ हायेत, त्यात तू कशाला? आता तू चाख. या सगल्यांच्या जिभा घरातल्या, एक बोलला का दुसऱ्याला तसंच लागतं. तुझी जीभ भायेरची, कोरी. तू सांगशील ते मी मानीन.” आणि मेल्विन अंकलनीही यादी खिशात घालत म्हटलं, “चालेल! पोरगी बोलेल ते फायनल. खराब बोलली तर संध्याकाळी ओतायची, कबूल?” “कबूल,” म्हातारा म्हणाला, पण ते इतकं हळू की तो शब्द बाटलीतच पडल्यासारखा वाटला.

कोरी जीभ! निशिगंधाला हसू यायला हवं होतं, आलं नाही. कारण तिच्या जिभेचा लौकिक तिच्या घरात काय होता ते या लोकांना कुठून माहीत असणार. ती नऊ वर्षांची होती तेव्हा ते सगळे गिरगावातून पेणकरपाड्याच्या नव्या ब्लॉकमध्ये राहायला आले होते. वास्तुशांत. जिन्याला अजून रंग नव्हता, भिंतींना ओल्या सिमेंटचा वास होता, आणि हॉलमध्ये पाटांच्या दोन रांगा बसल्या होत्या. श्रीखंड मनोरमाआत्याने घरून करून आणलं होतं, तिच्या सासूच्या त्या मोठ्या पितळी पातेल्यातून. पहिलं बोट जिभेवर ठेवलं आणि निशिगंधाला केशर लागलं, वेलची लागली, आणि त्यांच्या मागून काहीतरी थंड, हिरवट, नळाला तोंड लावून पाणी प्यावं तसं आलं. ती मोठ्याने म्हणाली होती, “आई, हे कळकलंय!” कळकणं हा शब्द तिला आजीकडून माहीत होता: कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं. शब्द बरोबर होता, वेळ चुकली होती. दोन्ही रांगांचे हात पानावर थांबले. आत्या उठली, तिने पातेलं उचललं आणि मोरीत उपडं केलं, अख्खं, पाच किलो. नव्या मोरीच्या पांढऱ्या फरशीवरून ते पिवळं श्रीखंड हळूहळू जाळीकडे सरकत गेलेलं निशिगंधाला अजून दिसे. दुसऱ्या कुणाच्या जिभेला लागण्याआधीच ते गेलं. म्हणून ते कळकलं होतं की नव्हतं हे कुणाला कधी कळलंच नाही. आत्या दोन वर्षं घरी आली नाही. आई ओरडली नाही, मारलं नाही, रात्री केस विंचरताना फक्त म्हणाली, “पानावर बसलं की तोंड खायला उघडायचं, बोलायला नाही. आणि तुला लागतं तसं सगळ्यांना लागत नाही, बाळा. कधीकधी तसं काही नसतंच.” कधीकधी तसं काही नसतंच. तेवढंच रुतलं. त्यानंतर दूध फाटायच्या आदल्या संध्याकाळी तिला ते फाटणार असं जाणवायचं आणि ती गप्प बसायची. सकाळी ते फाटायचं, तरीही तिला वाटायचं, योगायोग. हिंग जळला, तेल जुनं आहे, टँकरचं पाणी आज दुसऱ्या विहिरीचं आहे, हे सगळं तिच्या तोंडात येऊन गिळलं जाई. चव खरी लागते की आपण ती मनाने लावतो? ज्या प्रश्नाचं उत्तर मोरीत वाहून गेलं तो कुणाला विचारायचा? पाचशे पोरांसमोर ती स्त्रीशिक्षणावर आठ मिनिटं न अडखळता बोलली होती, पण घरी आमटीत मीठ कमी आहे एवढं पाच वर्षांत एकदाही नाही.

“घाबरू नकोस,” म्हातारा म्हणाला. त्याने आतून चिनी मातीची बरणी आणली नाही, एक लहान बाटली आणली आणि स्टीलचा चहाचा चमचा. “तू पोर हायस. गिलायची न्हाय. तोंडात फिरव आन् त्या माडाच्या आळ्यात थुक. गोव्याला एक पाद्री होता, तो अशीच चाखायचा. दिवसाला चालीस चालीस, तरी शुद्धीत.” चमच्यातली वाइन लाल नव्हतीच मुळी, काळी होती, चमचा कलंडला तेव्हा फक्त काठाला जांभळा पदर दिसला. आधी वास. तिने डोळे मिटले. ओलं पोतं, लवंग, शाळेतल्या लाकडी कपाटाचा आतला अंधार, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, हाताखाली फुटलेलं एखादं पिकलं द्राक्ष. मग जिभेवर. पहिल्यांदा आंबट, मग एकदम तोंडभर खरखर, जसं डाळिंबाचा दाणा खाताना मधला पिवळा पापुद्रा दाताखाली यावा. हिरड्या आवळल्या गेल्या, गाल आत ओढले गेले. हे कडक होतं, आडदांड होतं, घरात शिरलेल्या दांडग्या पाहुण्यासारखं सगळ्या खुर्च्या ढकलत येत होतं. पण लोखंड? लोखंड कुठे होतं? ती आळ्यात थुंकली आणि तशीच वाकून उभी राहिली. नव्हतं. तिला नव्हतं लागलं. आणि घरातल्या तीन मोठ्या माणसांना लागलं होतं. म्हणजे पुन्हा तेच, आईचं खरं, आपल्याला लागतं तसं सगळ्यांना लागत नाही. फरक इतकाच की या वेळी चूक आपली असेल तर तिच्यामुळे एका म्हाताऱ्याचं वर्ष मोरीत जाणार किंवा डॉरिसच्या लग्नात तीनशे माणसं तोंड वाकडं करणार.

“काय गं, बोल की!” संपदा ओरडली. तिचं हसू एव्हाना आटलं होतं.

“अगं, आधी काहीतरी खाऊ तरी दे तिला, रिकाम्या पोटी काय कळणार,” म्हणत फ्लेव्हियाची आई ताटली घेऊन आली. ताटलीत भाजलेले सुके बोंबील, वर कांदा आणि लिंबू. अंगणाच्या पलीकडे बांबूंवर बोंबलांच्या रांगा वाळतच होत्या, या घरात बाटलीचं बूच निघालं की चुलीत बोंबील पडलाच म्हणून समजावं, हे फ्लेव्हियाने बसमध्येच सांगितलं होतं. निशिगंधाने एक बोंबील मोडला. कुरकुरीत, खारट, धुराचा, सुरेख! दुसराही खाल्ला. मग धीर करून चमचा पुढे केला. आणि या वेळी, वाइन जिभेवर पसरली न पसरली तोच, ती आली. ब्लॉकच्या गॅलरीचा गज पावसाळ्यात चाटावा तशी, दात पडलेल्या जागेवर जीभ फिरवावी तशी, थंड, गंजकी, घशापर्यंत. तिचं तोंड आपोआप वाकडं झालं. “बघ, बघ तिचं थोबाड!” मेल्विन अंकल टाळी वाजवून म्हणाले, “लागलं ना लोखंड? मी काय बोलत होतो? पंपाचा पाइप चोखतोय असं वाटतं.” फ्लेव्हियाच्या आईने मान हलवली, कीव आल्यासारखं सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने चमचा तिच्या हातातून अगदी हळुवार काढून घेतला. “ऱ्हाव दे, बाय,” तो म्हणाला. “घातली असंल मीच. पळी.”

त्या ‘घातली असंल मीच’ने निशिगंधाच्या आत काहीतरी फिरलं. इतक्या सहज! एवढ्या चटकन माणूस स्वतःवर आळ घेतो! बरोबर असंच तीही म्हणत आली होती, मनातल्या मनात, पाच वर्षं: नसेलच तसं काही, मलाच लागलं असेल. पण पहिला चमचा आणि दुसरा चमचा एकाच बाटलीतले होते. पहिल्यात नव्हतं, दुसऱ्यात होतं. मधे वाइन बदलली नव्हती. मधे काय आलं होतं? हा प्रश्न इतका साधा होता, इयत्ता पाचवीतल्या विज्ञानाच्या प्रयोगासारखा, की तिला वाटलं आता हे सगळेच एका सुरात ओरडतील. पण कुणीच ओरडेना, सगळे वाइनकडेच बघत होते. “थांबा,” ती म्हणाली. “मला पाणी द्या. आणि असं काहीतरी ज्याला वास नाही.” फ्लेव्हिया धावत जाऊन तांब्या आणि सकाळचे फुगे घेऊन आली, मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे ते गोल तळलेले गोळे. निशिगंधाने तीनदा चूळ भरली, अर्धा फुगा चावून चावून खाल्ला, आणि म्हाताऱ्याच्या हातातला चमचा परत घेतला. खरखर, आंबट, लवंग. लोखंड नाही. थुंकली. मग बोंबलाचं एकच टोक, आणि पुन्हा चमचा. गज. गंज. तिचं हृदय धाडधाड वाजायला लागलं. भीतीने नाही, आनंदाने, पण अजून बाहेर न आलेल्या. तिने पुन्हा केलं. पुन्हा तसंच. “आजोबा,” ती म्हणाली, आणि वक्तृत्वाचा आवाज लावायचा म्हणून नव्हे, आपोआपच तो लागला, “तुमच्या वाइनमध्ये लोखंड नाहीये. बोंबील खाल्ला की तसं लागतं. वाइन एकटी चांगली आहे. बोंबील एकटा चांगला आहे. दोघांचं पटत नाही, बस!”

मेल्विन अंकल हसले. “अरे वा! आमच्या सात पिढ्या वाइनबरोबर बोंबील खातात आणि ही पेणकरपाड्याची मडम सांगणार पटत नाही!”

“सात पिढ्यांची वाइन गोड होती ना, डॅडी,” फ्लेव्हिया मधेच म्हणाली. “यंदाची कुठे गोड आहे?”

म्हाताऱ्याची नजर वळली. “साखर,” तो पुटपुटला. “डागतरने माझी साखर बंद केली. मी बोललो, मला एक घोट तरी पिता येवदे नातीच्या लग्नात. म्हनून साखर निम्म्यान् निम्मी घातली. आन् द्राक्षाच्या साली जास्त दिवस ठेवल्या, रंग यावा म्हनून.” तो एकेक शब्द उचलून बघत असल्यासारखा बोलत होता. “म्हनून ही कडक. दर सालची न्हाय ही.” “ते सगळं ठीक, पण मी मानणार कसं?” मेल्विन अंकल म्हणाले, तरी टॉवेल बाजूला ठेवून तेच चूळ भरायला गेले. मोठा माणूस माडाखाली उभा राहून गुळण्या करतोय, मग डोळे मिटून फुगा चावतोय, हे बघून संपदाला पुन्हा हसू फुटलं. त्यांनी घोट घेतला, थुंकला मात्र नाही. थांबले. बोंबील खाल्ला, घोट घेतला, आणि तोंड वाकडं झालं. मग पुन्हा तांब्या. ते स्वयंपाकघरात गेले आणि लग्नाच्या आचाऱ्याने नमुन्याला म्हणून करून दाखवलेल्या पोर्क इंद्यालची वाटी घेऊन आले. व्हिनेगर, बाटली मसाला, बोटभर जाड चरबी, वर तेलाचा लाल तवंग. एक तुकडा, एक घोट. त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. “पप्पा,” ते अखेर म्हणाले, “च्यायला. पप्पा!” आणि आणखी एक तुकडा, आणखी एक घोट. “डॉरिसच्या आई, इकडे ये, बोंबील टाक तो हातातला, इकडे ये तू!”

“डुकराचं आहे, निशी, तुला चालेल?” फ्लेव्हियाने कानात विचारलं. घरी आईबाबा रविवारी बोकडाचं खायचे तेवढंच. निशिगंधाने तुकडा तोंडात टाकला आणि शेवटचा चमचा घेतला. मघाचा तो दांडगा पाहुणा आता घरात शिरला आणि खुर्चीवर बसला. चरबीने त्याची खरखर पुसून काढली, व्हिनेगरने त्याचा आंबटपणा आपल्यात ओढला, आणि इतका वेळ तळाशी लपलेलं ते द्राक्ष सगळ्यांच्या वर आलं, गोड नसूनही गोड. हे तिला लागत होतं. आणि समोर बोटं चाटणाऱ्या मेल्विन अंकलना, डोळे मोठे केलेल्या फ्लेव्हियाच्या आईला, तेच लागत होतं. तसं काही नसतंच असं नव्हतं. असतं. असतं! तिला ओरडावंसं वाटलं, पण तोंडात माडाखाली थुंकायचा घोट होता. रॉक आजोबांनी आपली वाटी घेतली नव्हती. ते ओट्यावर बसून हात गुडघ्यांवर ठेवून सगळ्यांना खाताना बघत होते. “मग पळी?” त्यांनी विचारलं, कुणाला नक्की ते कळलं नाही. “नव्हती घातली, पप्पा,” मेल्विन अंकल म्हणाले. “माझंच तोंड खराब.” म्हाताऱ्याने एक लांब श्वास सोडला, इतका लांब की त्याच्या बनियनच्या आतली छाती दोन बोटं खाली बसलेली दिसली. मग धुतलेल्या बाटल्यांकडे बघून तो म्हणाला, “ह्या मी भंगारवाल्याला द्यायच्या म्हनून धूत होतो. आता भरायला लागतील.” आणि निशिगंधाकडे वळून, “बाय, रविवारी वाइनसंगं काय वाढायचं ते सांगायला टेबलापाशी तूच उभी ऱ्हा. लोक माझं ऐकनार न्हाय, मी घरातला. तुझं ऐकतील.”

परतीच्या बसमध्ये संपदा खिडकीशी बसून झोपली. निशिगंधाचं तोंड अजून आतून जरा घट्ट होतं, जीभ टाळूला लावली की कुठेतरी लवंग. मिठागरांवरून वारा येत होता, त्यात खार होता, गाळ होता, कुठेतरी जळणारं गवत होतं, आणि दर वासाला ती मनातल्या मनात नाव देत होती. मधे कुणी अडवत नव्हतं. मोरीतलं ते पिवळं श्रीखंड एकदा डोळ्यांपुढून सरकून गेलं. कळकलं होतं का? होतं, बहुतेक. नसेलही, कल्हई कदाचित नुसती ओरखडलेली असेल, ती नऊ वर्षांची होती. गंमत म्हणजे आता ते कळायला हवं असं वाटत नव्हतं. आत्या बिचारी पहाटे चारला उठून चक्का फेटत बसली असेल, याचा विचार मात्र आज पहिल्यांदाच आला. आणि खरं बोलायचं तर ते जवळ जाऊन कानात बोलता येतं, चूळ भरून, दुसऱ्याला चव घ्यायला लावून बोलता येतं, ओरडायलाच पाहिजे असं नाही, हेही. इतकी वर्षं जीभ खोटी असल्याची भीती होती, त्या भीतीची जागा आता मोकळी झाली होती आणि तिथे वारा शिरत होता. ती एकटीच हसली. कंडक्टरने विचारलं, “क्या हुआ बेबी, लॉटरी लगी क्या?”

घरी बाबा, म्हणजे आत्माराम, जमिनीवर पेपर पसरून बसले होते आणि आई, नीलिमा, कणीक मळत होती. निशिगंधाने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर उंबरठ्याच्या आत आल्यावर ते जमलं नसतं. “आई, मी आज वाइन चाखली.”

आईचे हात कणकेतच राहिले. “काय?”

“चमच्याने. आणि थुंकली. सगळी.”

“लोकांच्या अंगणात थुंकलीस?” बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले. त्यांना कशाचा धक्का जास्त बसलाय ते त्यांनाच ठरवता येत नसावं.

“त्यांनीच सांगितलं थुंकायला. आणि पोर्क खाल्लं, एक तुकडा.”

“अगं बाई,” आई म्हणाली. “अहो, ऐकताय ना? ही पोरगी उत्तनला जायचं म्हणाली तेव्हाच मी नको म्हणत होते. आता पुढे काय काय सांगणार आहेस, तेही एकदमच सांग.”

“सांगते,” निशिगंधा म्हणाली. “येत्या रविवारी फ्लेव्हियाच्या बहिणीचं लग्न आहे. तिथे तीनशे माणसांना वाइनबरोबर काय खायचं आणि काय नाही ते मी सांगणार आहे. रॉक आजोबांनी विचारलं आणि मी हो म्हणून आलेय. तुम्ही दोघांनीही यायचं आहे. जाऊ का, असं मी विचारत नाहीये, बाबा. मी जाणार आहे.”